माळवदातलं बिऱ्हाड

खोक्याचं झाकण उघडायच्या आधीच आतून आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ जशी दाबून फुसफुसते तसा, पण न थांबणारा, दम न घेणारा. जुन्या लातुरात, गंजगोलाईपासून हाकेच्या अंतरावर, एक वाडा पाडायचं काम चालू होतं. माळवदाची माती ओढताना तुळईशेजारच्या पोकळीत मजुरांना ‘पांढरी भुतं’ दिसली आणि दोघांनी हातातली टिकाव-फावडी टाकून खाली उड्या मारल्या. मुकादमाने फोन केला तो सर्पमित्राला. आमच्याकडे घरात काही वळवळलं किंवा फडफडलं, की आधी त्यालाच फोन जातो.

हा सर्पमित्र वन्यजीव वाचवणाऱ्या ज्या गटातला, त्यात एक गॅरेजवाला आहे, एक शाळामास्तर आहे, दोन कॉलेजची पोरं आहेत आणि हाक मारली की येणारे एक गुरांचे डॉक्टर आहेत. वनखात्याच्या कार्यालयाला कळवून झालं होतं. वन्यपक्षी कुणालाही घरी ठेवता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा तसं सांगतो, म्हणून आधी ती नोंद आणि मग बाकीचं. मास्तरांनी मला बोलावलं ते संध्याकाळी. “या, जवळून बघा. पण हात लावायचा नाही आणि बोलायचं हळू,” एवढंच म्हणाले.

खोक्यात तीन पिल्लं होती. गव्हाणी घुबडाची. तिघं एकाच आईची, पण उंचीला जिन्याच्या पायऱ्यांसारखी. मादी अंडी एका दमात घालत नाही, दोन-तीन दिवसांच्या अंतराने घालते, आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. महिन्याभराने ती तशीच मागेपुढे फुटतात. सगळ्यात धाकट्याच्या अंगावर मळक्या कापसासारखी लव होती. मधल्याचा चेहरा भरायला लागला होता. थोरल्याचं मात्र तोंड पुरतं तयार झालेलं, बदामाच्या आकाराचं, पांढरंशुभ्र, कडेने तपकिरी किनार, जणू कुणी मऊ कुंचल्याने ओढलेली. तो डोकं पार खाली घालून डावीकडून उजवीकडे झुलत होता. २०१७ साली विशाखापट्टणमला एका बांधकामावर सापडलेल्या अशाच पिल्लांचा व्हिडिओ ‘परग्रहावरचे पाहुणे’ म्हणून देशभर फिरला होता. खोक्यात डोकावल्यावर तसं समजणाऱ्या लोकांचं मला नवल वाटलं नाही.

वाड्याच्या मालकीणबाई, सत्तरीच्या आजी, पदर तोंडाला लावून लांब उभ्या होत्या. मास्तरांनी “या की आजी” म्हटल्यावर दोन पावलं पुढे आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “अगं माय, माणसावाणी बगायलंय की!”

त्या एका वाक्यात घुबडाच्या भीतीचं मूळ आहे असं मला वाटतं. चिमणी, कावळा, पारवा आपल्याकडे एका डोळ्याने बघतात. घुबड दोन्ही डोळ्यांनी समोरून बघतं, माणूस माणसाकडे बघतो तसं. त्याचे डोळे गोल नसतात, नळीसारखे लांबट असतात आणि खोबणीत घट्ट बसलेले असतात. ते फिरवता येत नाहीत, म्हणून मान फिरवावी लागते. आपल्या मानेत ७ मणके, त्याच्या मानेत १४. दोन्ही बाजूंना २७० अंशांपर्यंत मान वळते ती त्यामुळे. मुंडी उलटी फिरवणारं भूत म्हणून ज्याला आपण घाबरतो, त्याला साधं कडेला बघायचं असतं.

डॉक्टरांनी हातमोजे चढवून थोरल्याला टॉवेलात गुंडाळलं आणि चेहऱ्याच्या किनारीवरची पिसं बोटाने अलगद बाजूला सारली. आत कानाचं भोक दिसलं, मग दुसऱ्या बाजूचं. दोन्ही एका रेषेत नव्हती. गव्हाणी घुबडाचा डावा कान किंचित वर असतो आणि त्याचं तोंड खालच्या बाजूला, उजवा किंचित खाली आणि त्याचं तोंड वरच्या बाजूला. खालून आलेली खुसफुस डाव्या कानाला ठळक ऐकू येते, वरून आलेली उजव्याला, आणि तेवढ्या फरकावरून त्याला सावज कुठे आहे ते कळतं. ती बदामी तबकडी म्हणजे आवाज गोळा करून कानात ओतणारं सूप. रॉजर पेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मिट्ट अंधाऱ्या खोलीत प्रयोग करून दाखवलं, की हे घुबड नुसत्या आवाजावर उंदीर पकडतं. पुढे १९७८ मध्ये एरिक नुडसन आणि मासाकाझू कोनिशी यांना त्याच्या मेंदूत चक्क आवाजाचा नकाशा सापडला. कुठल्या दिशेच्या आवाजाला कुठली पेशी जागी होते, ते ठरलेलं.

गव्हाणी हे नाव मला फार आवडतं. गव्हाण म्हणजे गोठ्यात गुरांपुढे कडबा टाकायची जागा. जिथे गुरं तिथे कडबा, जिथे कडबा तिथे उंदीर, आणि आढ्यावर हा पाहुणा. देवणी आणि लालकंधारी जनावरांच्या या मुलखात याहून घरगुती नाव कुठल्या पक्ष्याला असेल? तरीही आपण म्हणतो, की घुबड घरावर बसलं की घर ओसाड पडतं. लहानपणी ऐकलेली दुसरी गोष्ट अशी, की घुबडाला दगड मारू नये, ते तो उचलून नदीत घासत बसतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा माणूस झिजत जातो. या दुसऱ्या समजुतीने निदान काही घुबडं वाचली असतील. पहिलीने मात्र फार मारली. घर आधी ओसाड पडतं, आढ्यात पोकळी होते, माणसांचा वावर थांबतो आणि मग घुबड येतं. आपण त्याचं येणं तेवढं पाहिलं आणि घर मोडल्याचा आळ त्याच्यावर घेतला.

लातूरकराला हे सांगताना जपून सांगावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बोळवून झोपलेल्या किल्लारी आणि आसपासच्या गावांवर भूकंपात त्यांचीच घरं कोसळली. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाचा मणामणांचा भार. हजारो माणसं त्याखाली गेली. ५२ गावं जुनी जागा सोडून नव्याने वसवावी लागली. त्यानंतर माळवदाखाली झोपायचं म्हटलं की माणसाचा जीव उडायला लागला. लोकांनी स्लॅब घातले, पत्रे टाकले, आणि त्याला नावं ठेवायचा हक्क कुणाला नाही. मी सांगतो आहे ते एवढंच, की त्या जाड भिंतींत आणि माळवदात आणखी एक बिऱ्हाड राहत होतं. सपाट स्लॅबला पोकळी नसते. गावोगावच्या गढ्यांची पांढरी माती लोकांनी सारवायला आणि शेतात टाकायला नेली, कपारी संपल्या. दगडी बांधणीच्या विहिरींतल्या कोनाड्यांत पिंगळे आणि गव्हाणी राहत, त्या विहिरी बुजवून बोअर घेतले गेले. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणायची वेळ आलेल्या शहराला विहिरीतल्या घुबडाची आठवण कशी राहावी? म्हणून तर ते खोक्यात येतं.

मास्तर शाळेत मुलांना घुबड दाखवत नाहीत, त्याच्या गोळ्या दाखवतात. घुबड उंदीर सबंध गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं पोटात गोळा होऊन तोंडावाटे बाहेर पडतात. वाड्याच्या पडवीत अशा गोळ्यांचा खच होता, काळ्या, वाळलेल्या, करवंदाहून मोठ्या. एक पाण्यात भिजवून मास्तरांनी वर्तमानपत्रावर चिमट्याने सोडवली. राखाडी केसांतून एक कवटी निघाली, मग दुसरी, तिसरी, वाटाण्याएवढ्या जबड्यांत पिवळे दात शाबूत. एका गोळीत तीन उंदीर आणि एक चिचुंद्री. एका घुबडाच्या एका वेळच्या जेवणातले हे चार जीव. आजींनी ते बघितलं आणि कोपऱ्यातल्या तुरीच्या पोत्यांकडे एकदा बघितलं. बोलल्या काही नाहीत.

इस्राएलमध्ये स्दे एलियाहू नावाच्या वस्तीत १९८३ पासून शेतांत गव्हाणी घुबडांसाठी पेट्या लावल्या जातात. उंदरांचं विष कमी व्हावं म्हणून सुरू झालेलं हे काम पुढे जॉर्डन आणि पॅलेस्टाइनच्या शेतकऱ्यांपर्यंत गेलं. आपल्याकडे तूर-सोयाबीनच्या रानात आणि गोदामात विषाची पुडी हाच पहिला उपाय. ब्रोमॅडिओलोनसारखं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस मंदावून, झिंगत उघड्यावर फिरतो, आणि घुबडाला तोच सगळ्यात सोपा सापडतो. मग घुबडाच्या अंगात रक्त गोठायचं थांबतं. डॉक्टर म्हणाले, की असा पक्षी आला तर बाहेरून जखम दिसत नाही, नुसता पेंगतो. व्हिटॅमिन के देतात. वेळेत आला तर काही जगतात.

माया करून मारलेल्या पिल्लांचं डॉक्टरांना जास्त वाईट वाटतं. सापडलेल्या पिल्लाला लोक दूध पाजतात, भाकरी कुस्करून घालतात. कुणी फार हौशी असेल तर बोनलेस चिकन. त्यात हाड नाही, म्हणजे कॅल्शियम नाही, आणि पंधरा दिवसांत पाय वाकडे. असं पिल्लू पुन्हा कधी झेप घेत नाही. दुसरं म्हणजे लळा. डोळे उघडल्यापासून माणूसच दिसला तर ते स्वतःला माणसातलंच समजायला लागतं, मग रानात सोडून उपयोग नसतो. म्हणून इथे खोक्यावर फडकं, खोलीत अंधार, नाव ठेवायचं नाही, फोटो एकच आणि तोही नोंदीसाठी. गटातल्या एका पोराने धाकट्याला ‘बाळ्या’ म्हटलं, तर मास्तरांनी त्याला बाहेर पाठवलं. मला आधी ते कठोर वाटलं होतं.

नांदेडकडची गोष्ट वेगळी. लोहा-कंधारच्या खडकाळ माळावर गेल्या संक्रांतीनंतर गटाला एक शृंगी घुबड मिळालं होतं. गव्हाणीच्या जवळपास तिप्पट वजनाचं, डोक्यावर पिसांची दोन शिंगं, नारिंगी डोळे. ते घरात राहत नाही. ओढ्याच्या दरडीत, उघड्या जमिनीवर अंडी घालतं. पंखात नायलॉनचा मांजा रुतून बसला होता. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर बंदी घातली, तरी तो मिळतो आणि झाडांवर, तारांवर वर्षभर लटकत राहतो. टाके घातले, सहा आठवडे ठेवलं. मोठी शस्त्रक्रिया लागली असती तर नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरचं उपचार केंद्र नाहीतर पुण्याचं रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, दोन्हीकडे तीनशे किलोमीटरहून जास्त. मराठवाड्यात बीड जिल्ह्यातल्या तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे यांनी उभं केलेलं ‘सर्पराज्ञी’ आहे, त्याचा आधार मोठा. शेवटी ते घुबड सापडलं त्याच माळावर दिवेलागणीला सोडलं. मी त्या दिवशी होतो. खोकं उघडल्यावर ते लगेच उडालं नाही. बसलं, मान फिरवून आम्हा प्रत्येकाकडे एकेकदा बघितलं, आणि मग अंगावरून गेलं. चेहऱ्याला वारा लागला, आवाज नाही. पिसांच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात आणि वर मखमल, हवा त्यातून चिरत नाही, गाळून जाते. हे मला वाचून माहीत होतं. तरी पाठीवर काटा आला.

दिवाळी जवळ आली की गटाची माणसं निजत नाहीत. अब्रार अहमद यांनी ट्रॅफिक इंडियासाठी २०१० मध्ये घुबडांच्या चोरट्या बाजाराचा अहवाल लिहिला. जादूटोण्यासाठी होणारी मागणी हे त्यातलं मुख्य कारण होतं, आणि दिवाळीच्या आसपास ती वाढते. आमच्याकडे तिला गढीतल्या गुप्तधनाची जोड मिळते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याचा धाक आहे, पण अमावास्येच्या आठवड्यात “पांढरं घुबड आहे का” असं विचारणारे फोन गटाला अजून येतात. मास्तर नंबर लिहून घेतात आणि वनखात्याला कळवतात. १९२६ हा खात्याचा फोन नंबर त्यांनी शाळेच्या फळ्यावर कायमचा रंगवला आहे. लक्ष्मीचं वाहन म्हणायचं आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्रीच त्याचा गळा कापायचा, या विचाराने मला आजही संताप येतो. दुसरीकडे पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत डॉ. सतीश पांडे यांच्या इला फाउंडेशनने २०१८ मध्ये घुबडांचा उत्सव भरवला. गावातल्या मुलांनी घुबडाची चित्रं काढली, मुखवटे केले. कायद्यापेक्षा त्या मुखवट्यांवर माझा जास्त भरवसा आहे.

रात्री आठच्या सुमाराला आम्ही पुन्हा वाड्यात गेलो. पिल्लांना आईबापांकडे परत द्यायचं होतं, आणि घरटं तर मातीत गेलं होतं. गॅरेजवाल्याने वाड्याच्याच जुन्या सागवानी दाराच्या फळ्यांतून दुपारी पेटी ठोकली होती, पुढे हात जाईल एवढं भोक, आत भुसा. शेजारच्या धान्याच्या गोदामाच्या भिंतीवर, वळचणीखाली ती बसवली. गोदामवाल्याने आधी आढेवेढे घेतले. आजी स्वतः जाऊन त्याच्याशी बोलल्या. काय बोलल्या ते कळलं नाही, पण शिडी त्यानेच आणून दिली.

दिवे मालवून आम्ही ओसरीवर बसलो. पेटीतून फुसफुस चालू होती. स्वित्झर्लंडच्या अलेक्झांडर रूलँ यांनी दाखवलंय, की आईबाप नसताना पिल्लं आपसांत या आवाजाने बोलणी करतात. ज्याला भूक जास्त तो जास्त ओरडतो, पोट भरलेला गप्प बसून त्याला वाट देतो. कधी थोरलं आपला उंदीर धाकट्याला देतं. आजी म्हणाल्या, “तसं लेकरात असायचंच.”

नऊ वाजले, साडेनऊ झाले. रस्त्यावरचा ट्रॅफिक ओसरला. कुठे तरी पिंगळ्यांची जोडी कचकच करून गेली. पेटीतला आवाज तसाच, आणखी चढत चाललेला. मास्तर घड्याळाकडे बघत नव्हते, मी बघत होतो. आईबापांनी काल रात्रीच ही जागा सोडली असेल तर, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

दहाला काही मिनिटं कमी असताना फुसफुस एकदम थांबली. आम्हाला ना पंख ऐकू आले, ना सावली दिसली. मग पेटीत खडखड झाली, एक बारीक चिर्र आवाज, आणि पुन्हा फुसफुस सुरू, पण आता दोघांचीच. आजींनी माझा हात दाबला. “एकाचं झालं,” त्या कुजबुजल्या.