छातीतल्या पाण्याची परीक्षा

उन्हाळ्यात खानदेशात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशाच एका दुपारी जळगावच्या लॅबमध्ये धुळ्याकडचा एक नमुना बर्फाच्या डब्यातून आला. रुग्णाच्या फुप्फुसाभोवती साठलेलं, सुईने काढलेलं फिकट पिवळं पाणी होतं ते. संशय क्षयाचा, तपासणी एडीएची.

अशा पाण्यात क्षयाचे जंतू फार थोडे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा सापडतच नाहीत. त्यांच्याशी झुंजणाऱ्या पेशींचं काम मात्र मोजता येतं. जंतू ओळखलेल्या टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडून इतर पेशींना चेतवतात. रक्तातून आलेल्या मोनोसाइट पेशी तिथे मॅक्रोफेज बनतात. या धामधुमीत अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज, म्हणजे एडीए, हे एन्झाइम पाण्यात वाढतं. क्षयात त्यातला मोठा वाटा मोनोसाइट-मॅक्रोफेजमधून येणाऱ्या एडीए-२ चा असतो. दुसरा प्रकार एडीए-१.

एडीए अ‍ॅडेनोसिनमधून अमोनिया मोकळा करतं. मोजायचा तो हा अमोनिया. लॅबमध्ये तपासणी करणाऱ्या ताईंनी चार नळ्या मांडल्या: ब्लँक, स्टँडर्ड, सॅम्पल ब्लँक आणि टेस्ट. ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये तासभर ठेवून फिनॉल आणि हायपोक्लोराइटची द्रावणं घातली, पुन्हा काही वेळ थांबल्या. टेस्टची नळी गडद निळी झाली.

“सॅम्पल ब्लँक कशासाठी, ताई?” मी विचारलं.

“भाऊ, पाण्यात मुळातच थोडा अमोनिया असतो. नमुना उन्हात राहिला, त्यात जंतू वाढले, की आणखी वाढतो. तो वजा केल्याशिवाय आकडा खरा कसा येईल?”

कलरीमीटरवर घेतलेल्या आकड्यांवरून हिशेब झाला. लिटरला ४० युनिटच्या वर क्षयाची शक्यता बळावते. हा आकडा बराच वर होता. पण छातीत पू झाला, लिम्फोमा असला किंवा संधिवाताने पाणी झालं, तरी एडीए वाढतं. म्हणून ताईंनी लगेच काच रंगवून पेशी मोजल्या. लिम्फोसाइटच जास्त होत्या, म्हणजे क्षयाच्या बाजूने आणखी एक पुरावा.

पुढे निदान डॉक्टर करतील, आणि क्षय ठरला तर किमान सहा महिने औषधं चालतील. कच्च्या आकड्यावर कुणी ती विनाकारण घेऊ नयेत आणि गरज असलेला कुणी सुटू नये. त्यासाठी एडीएच्या प्रत्येक रिपोर्टवर शेजारीच लिम्फोसाइटचं प्रमाण आणि नमुना घेतल्याची वेळ छापली पाहिजे. खर्च जवळपास काहीच नाही. वाचणाऱ्या डॉक्टरला मात्र आकड्यावर किती भिस्त ठेवायची ते कळेल.