शंकेची पाल, खरीखुरी

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलंय. ‘घरात चोर-अलार्म बसवून दोन वर्षं झाली. पावसाळा लागल्यापासून तो रात्री कधीही बोंबलतो. दुरुस्तीवाला आला की गप्प. “साहेब, सिस्टीम ओके आहे,” म्हणत तो व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. शेजारी आता कूसही बदलत नाहीत. यंत्र बिघडलंय का?’

बहुधा नाही. संशय घेणं हेच त्या यंत्राचं काम आहे आणि ते चोख चाललंय. बघायचं ते एवढंच, की त्याला संशय कोण पुरवतंय. त्यासाठी आधी 1853 सालच्या अमेरिकेत एक चक्कर मारू.

बॉस्टनजवळच्या सॉमरव्हिलमध्ये ऑगस्टस रसेल पोप नावाचे धर्मोपदेशक होते. त्या वर्षी त्यांनी विजेच्या चोर-अलार्मचं पेटंट मिळवलं. दार उघडलं की मंडल पूर्ण व्हायचं, विद्युतचुंबक थरथरायचा आणि हातोडी घंटेवर आदळायची. रविवारी प्रवचन, एरवी बॅटऱ्या! पुढे एडविन होम्स यांनी हे हक्क विकत घेऊन धंदा वाढवला, पोप 1858 मध्ये वारले आणि जनकत्वाचा मान होम्सना चिकटला. होम्सच्या मुलाने 1877 मध्ये बॉस्टनला अलार्मच्याच तारांवर टेलिफोन चालवले : दिवसा गप्पा, रात्री पहारा. डोकं खरंच, पण मूळ घंटा पोपसाहेबांची.

त्या घंटेत एक खोट मात्र होती. घर सुरक्षित असलं की ती गप्प, आणि तार तुटली किंवा बॅटरी संपली तरी गप्पच. यावरचा तोडगा रेल्वेत दिसतो. विल्यम रॉबिन्सन यांनी 1872 मध्ये पेटंट घेतलेल्या मांडणीत रुळांतूनच सतत प्रवाह खेळता ठेवला. गाडी आली, रूळ तुटला, बॅटरी बसली, काहीही झालं तरी प्रवाह पलीकडच्या टोकाला पोचत नाही आणि सिग्नल धोका दाखवतो. लोकल खोळंबली की आपण ज्या ‘सिग्नल बिघाडा’ला शिव्या घालतो, त्यामागे अनेकदा हेच शहाणपण असतं. तारांनी जोडलेला घरचा अलार्मही याच घराण्यातला. प्रत्येक झोनच्या, म्हणजे दार-खिडक्यांच्या एकेका गटाच्या, तारांच्या वेढ्यातून किंचित प्रवाह फिरत राहतो. तो खंडला की बोंब.

म्हणून तपास पॅनलपासून करावा. बोंब कोणत्या झोनने मारली याची नोंद तिथे बहुधा मिळते. वीज बंद करून त्या झोनच्या तारा सोडवा आणि वेढ्याच्या टोकाला जेवढ्या ओहमचा रेझिस्टर आहे, तेवढाच थेट पॅनलला जोडा. वीज सुरू केल्यावर झोन शांत राहिला, तर दोष बाहेर. मग वेढा मधोमध सोडवून दोन्ही बाजू मल्टिमीटरने मोजायच्या, दोषी बाजूचे पुन्हा दोन भाग करायचे. दहा खिडक्या असल्या तरी चार मोजण्यांत चोर हाती लागतो. मोजताना सांधे हलवून बघा. नुसतेच पिळून टेप गुंडाळलेल्या तांब्यावर पावसाळ्यात हिरवा कळंक चढतो. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, त्याचाच हा भाऊबंद.

पावसाळ्यातला दुसरा संशयित खुद्द दार. चौकटीवरच्या डबीत काचेची इवली नळी असते, आत लोखंड-निकेलच्या दोन पात्या. दारावरचा चुंबक जवळ आला की त्या टिक् करून चिकटतात. कानाशी धरून ऐका, गंमत वाटते. लाकडी दार फुगलं, नीट बसेनासं झालं, की चुंबक जरासा लांब राहतो. मग वाऱ्याच्या झुळकीनेही पात्या सुटतात. इलाज सुताराकडे.

तिसरा संशयित माझा लाडका. कोपऱ्यातला हालचाल टिपणारा सेन्सर स्वतः काहीच सोडत नाही. आपल्या अंगातून निघणारी, साधारण 10 मायक्रोमीटरची अवरक्त ऊब तो टिपतो. आत दोन संवेदक एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात. खोली हळूहळू तापली तर दोघांचे संदेश एकमेकांना खोडतात, माणूस चालत गेला तर आधी एक चाळवतो, मग दुसरा. पाल आपल्यासारखी गरम नसते, त्यामुळे समोरच्या भिंतीवरून गेली तर सहसा काही होत नाही. पण किड्यांच्या मागे ती सेन्सरच्या भिंगावरच चढली, तर? डोळ्यासमोर अंगठा धरला की चंद्र झाकतो, तसं खोलीचं मोठं दृश्य ती एकदम झाकते. शंकेची पाल ती हीच, आणि या वेळी अक्षरशः चुकचुकणारी! भिंग पुसा, मागच्या फटी सिलिकॉनने बुजवा. जाता जाता : खोक्यावरचे ‘12 मीटर’ मे महिन्यातल्या नागपुरात खरे मानू नका. भिंतच अंगाइतकी तापली, तर सेन्सरला माणूस वेगळा दिसणार कसा?

राहिली बॅटरी. वीज असताना तिच्यावर साडेतेरा व्होल्ट दिसतात खरे, पण ते चार्जरचे. मेन बंद करून, सायरन वाजवून मोजा. आकडा झपाट्याने अकराच्या खाली घसरला, तर 12 व्होल्टची नवी बॅटरी आणा.

बोंबलणाऱ्या अलार्मबद्दल मला पत्रं येतात, गप्प अलार्मबद्दल आजवर एकही आलेलं नाही. म्हणून महिन्यातून एकदा, शेजाऱ्यांना सांगून, अलार्म लावा आणि दार स्वतःच उघडा. वाजला, तर पोपसाहेबांचे आभार माना.