म्हाताऱ्या माणसांची दुखणी कोण लिहून घेणार?

माती तपासणीसाठी नमुना कसा घ्यावा, हे आम्ही विस्तार खात्याची माणसे आपल्याला वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. विहिरीजवळच्या काळ्या वावरातली माती पिशवीत भरली आणि खताची शिफारस मात्र माळावरच्या मुरमाड तुकड्याला लावली, तर पीक साथ देत नाही. माणसांच्या आरोग्याचेही तसेच आहे. तपासणी एका थरातल्या माणसांची झाली आणि उपाय सगळ्यांना लावला, तर मागे राहिलेल्या समाजांतील वृद्धांची दुखणी हिशेबात येतच नाहीत. यावर उपाय म्हणून त्या त्या समाजातूनच अभ्यासक तयार करण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत झाला. त्याची हकीकत आपल्यालाही उपयोगी आहे.

कार्व्हरच्या गावची दुसरी गोष्ट

वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ हे १९८१ साली आलेले पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ साली अलाबामा राज्यातील टस्कगी येथे आले. कापसाने थकलेल्या जमिनीत भुईमूग आणि रताळी घ्यायला त्यांनी गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना शिकवले. १९०६ साली तेथून गाडीवरची फिरती शेतीशाळा निघाली.

त्याच टस्कगीच्या परिसरात १९३२ साली वेगळेच काही सुरू झाले. तेथील सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने ६०० कृष्णवर्णीय पुरुष अभ्यासासाठी निवडले. त्यांतले बहुतेक वाट्याने जमीन कसणारे होते. ३९९ जणांना उपदंश, म्हणजे गरमीचा रोग होता. त्यांना खरा रोग सांगितला नाही. ‘रक्त बिघडले आहे’ एवढेच सांगितले. मोफत तपासणी, जेवण आणि मेल्यावर दफनाचा खर्च एवढ्यावर ती माणसे येत राहिली. पेनिसिलीन हे हमखास औषध हाती आल्यावरही ते त्यांना दिले नाही. १९७२ साली वर्तमानपत्रांत हे उघड झाले, तेव्हा कुठे हा प्रकार थांबला.

अशा अनुभवानंतर वही घेऊन आलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवील? लोक दूर राहिले. पण त्यामुळे नुकसानही त्यांचेच झाले. कृष्णवर्णीय वृद्धांत रक्तदाब, मधुमेह आणि स्मृतिभ्रंश गोऱ्या वृद्धांपेक्षा अधिक आढळतात. ज्यांच्या दुखण्याचा अभ्यास जास्त हवा, तेच अभ्यासाबाहेर राहिले.

जुन्या बैलाशेजारी नवा गोऱ्हा

मिशिगन विद्यापीठातील जेम्स जॅक्सन या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञाने १९७९-८० मध्ये देशभरातील २,१०७ कृष्णवर्णीय प्रौढांची पाहणी केली. घरोघरी प्रश्न विचारायला गेलेले सर्व जण त्याच समाजातले आणि रीतसर शिकवून तयार केलेले होते.

१९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी टस्कगीच्या प्रकाराबद्दल जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने अल्पसंख्य समाजांतील वृद्धांच्या आरोग्याच्या अभ्यासासाठी केंद्रे उघडली. पद्धत आपल्याला ओळखीची वाटेल. नवा गोऱ्हा आपण एकटा नांगराला जुंपत नाही; जुन्या, शांत बैलाशेजारी जुंपतो. तसे या केंद्रांनी वेगवेगळ्या समाजांतील तरुण अभ्यासक निवडले, त्यांना लहान अभ्यासापुरते पैसे दिले आणि अनुभवी मार्गदर्शक जोडून दिला. प्रश्न कसा मांडावा, आकडे कसे तपासावेत, निबंध कसा लिहावा, हे सारे शेजारी बसून शिकवायचे.

डेट्रॉइट शहरात मिशिगन आणि वेन स्टेट या विद्यापीठांनी आणखी एक पाऊल टाकले. तेथे कृष्णवर्णीय वृद्धांनी स्वखुशीने आपली नावे नोंदवली आणि वृद्धांचेच सल्लागार मंडळ नेमले गेले. अभ्यासकाने आधी आपले काम मंडळापुढे मांडायचे आणि नंतर जे कळले ते लोकांना परत येऊन सांगायचे. जॅक्सन २०२० साली वारले, पण त्यांच्या हाताखाली शिकलेले अनेक जण पुढे स्वतः मार्गदर्शक झाले.

आपल्या घरात काय करावे?

आपल्याकडेही हे काम सुरू झाले आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील माणसे आणि त्यांचे जोडीदार अशा ७२,००० हून अधिक भारतीयांची पाहणी केली. तीत रक्तदाब, वजन आणि हाताच्या पकडीचा जोरही मोजला. असा पाहणी करणारा आपल्या दारी आला, तर एवढे ध्यानात ठेवावे :

१. आजीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आजीलाच देऊ द्यावे. ‘तिला काय कळतंय, मी सांगतो’ असे म्हणू नये. गुडघा तिचा दुखतो, मुलाचा नव्हे.

२. अभ्यास कोणाचा, कशासाठी आणि माहितीचे पुढे काय होणार, हे विचारावे. समजल्यावरच होकार द्यावा. नको असेल तर नाही म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे.

३. ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून दुखणे झाकू नये. ऐकू न येणे, कमी दिसणे, विसरणे, लघवीचा त्रास हे सारे सांगावे.

४. घरातील मुलगी परिचारिका, विज्ञान किंवा संख्याशास्त्र शिकत असेल, तर तिला पुढे शिकू द्यावे आणि चांगला मार्गदर्शक शोधायला मदत करावी. तिला ऊसतोडीला जाऊन आलेल्या आजीची कंबर ठाऊक आहे. कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला, हे तिच्या चटकन लक्षात येईल.

माळावरच्या तुकड्याचाही नमुना प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. तो नेणारे माणूस आपल्याच घरातले असेल, तर अधिक बरे.