भट्टीची वीट आणि उष्णतेचा हिशेब

सोलापूरच्या टॉवेल-चादरींचे सूत रंगवणाऱ्या डाइंग युनिटांना वाफ लागते आणि जिल्ह्यातले साखर कारखाने तर बॉयलरच्या जिवावरच चालतात. इंधनाचा खर्च कमी करायचा विषय निघाला की बोट आधी भट्टीच्या भिंतीकडे जाते: भिंत जाड करा, भारीतली वीट लावा, उष्णता वाचेल. या समजुतीत एक मूळ गल्लत आहे. आग सोसणे, उष्णता अडवणे आणि वाया जाणारी उष्णता पुन्हा कामाला लावणे ही तीन वेगळी कामे आहेत. एका कामाला उत्तम ठरणारी वीट दुसऱ्या कामाला अपुरी पडते. म्हणून उष्णता कुठून जाते, किती जाते आणि भट्टी किती वेळ पेटलेली असते याचा हिशेब आधी मांडावा. विटेची निवड त्यानंतर.

गैरसमज: फायरब्रिकची भिंत जितकी जाड, तितकी बचत जास्त.

वस्तुस्थिती: फायरब्रिक आग सोसते, पण उष्णता फारशी अडवत नाही. ती सच्छिद्र इन्सुलेशन विटेच्या चार-पाच पट उष्णता वाहून नेते. आतला पृष्ठभाग 1000 अंश सेल्सिअसला असेल तर 230 मिलिमीटर जाडीची फायरब्रिकची भिंत दर चौरस मीटरमागे ढोबळमानाने 4 किलोवॅट उष्णता बाहेर टाकते. जाडी दुप्पट केली तरी गळती 2.2 किलोवॅटच्या आसपास राहते. उलट मूळ भिंतीच्या मागे फक्त 115 मिलिमीटर इन्सुलेशन वीट बसवली, तर ती 1.3 किलोवॅटपर्यंत उतरते. यावर जाणते मिस्त्री आक्षेप घेतात की मागून इन्सुलेशन लावले की आतली वीट लवकर जाते. आक्षेपात तथ्य आहे. एकेरी भिंतीत फायरब्रिकची मागची बाजू साधारण 230 अंशांवर असते. इन्सुलेशननंतर ती 750 अंशांच्या घरात जाते. वीट जास्त खोलवर तापते, जास्त प्रसरण पावते आणि वितळलेली राख तिच्यात अधिक आतपर्यंत मुरते. म्हणून प्रसरणासाठी फटी सोडणे, 750 अंश सहज पेलणारी इन्सुलेशन वीट निवडणे आणि विटांचे सांधे एक-दोन मिलिमीटरचेच ठेवणे हे आराखड्यातच ठरायला हवे. वीट जाते ती बहुतेकदा हे न ठरवता मागाहून केलेल्या जोडकामामुळे.

गैरसमज: जाड भिंत उष्णता साठवते, म्हणजे ती वायाही जात नाही.

वस्तुस्थिती: साठलेली उष्णता परत मिळते की नाही, हे भट्टी कशी चालते त्यावर ठरते. वर उल्लेखलेल्या 230 मिलिमीटरच्या भिंतीत दर चौरस मीटरला सुमारे 480 किलो वीट असते. थंड अवस्थेपासून ती पूर्ण तापायला जवळपास 78 युनिट विजेइतकी उष्णता लागते. गळीत हंगामात अखंड पेटलेल्या बॉयलरला ही किंमत हंगामात एखाद-दोन वेळाच मोजावी लागते. पण सकाळी पेटवून संध्याकाळी विझवल्या जाणाऱ्या भट्टीत रात्रभर त्यातला मोठा भाग हवेत जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा इंधन जाळून तो भरून काढावा लागतो. तिथे वजनदार भिंत तोट्याचीच. मग सगळीकडे हलके सिरॅमिक फायबरच का लावू नये? कारण लाकडाच्या आणि बगॅसच्या (उसाच्या चिपाडांच्या) राखेत पोटॅश असते. ते तापल्यावर अस्तराला खाते, आणि उडणारी राख मऊ फायबर झिजवते. अशा जागी आत पातळ पण घट्ट विटेचा थर आणि मागे हलके इन्सुलेशन हीच रचना शहाणपणाची.

गैरसमज: भिंत बाहेरून गार लागली, म्हणजे उष्णता वाचली.

वस्तुस्थिती: बहुतेक बॉयलरांत भिंतीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता चिमणीतून जाते. धुराचे तापमान सुमारे 22 अंशांनी उतरवले की इंधनात साधारण 1 टक्का बचत होते, हा बॉयलरच्या कामातला रूढ नियम आहे. बगॅसच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणीच असते आणि ते उडवण्यात बरीच उष्णता खर्ची पडते. म्हणून धुराच्या उष्णतेवर ज्वलनाची हवा तापवून भट्टीत सोडली की बगॅस लवकर वाळतो आणि नीट जळतो. ही खरी पुनर्प्राप्ती आहे, आणि भिंतीला हात लावून ती कळत नाही.

गैरसमज: उष्णता परत मिळवायची तर मोठाल्या विटांचा ढीगच रचावा लागतो.

वस्तुस्थिती: काच आणि पोलादाच्या भट्ट्यांत विटांच्या जाळीदार रचनेतून आधी तापलेला धूर आणि मग थंड हवा आलटून पालटून नेतात. सीमेन्स बंधूंनी 1856च्या सुमारास ही पद्धत भट्टीला लावली. 1862 साली मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये याच भट्टीवर व्याख्यान दिले होते. पण या रचनेतही जाडीला फारसे मोल नाही. वीस-तीस मिनिटांच्या एका फेरीत उष्णता फायरब्रिकमध्ये दोन-तीन सेंटिमीटरच शिरते. त्यापलीकडचा गाभा जवळपास निष्क्रिय राहतो. म्हणून कमी जाडीच्या विटा, जास्त पृष्ठभाग आणि राखेने न तुंबणारे मार्ग यांना महत्त्व आहे. आणि ही जाळी लागते ती धातू टिकत नाही अशा तापमानालाच. डाइंग युनिटच्या दोन-तीनशे अंशांच्या धुराला लोखंडी एअर प्रीहीटर किंवा पाणी तापवणारा इकॉनॉमायझर पुरेसा असतो. कोळसा जळत असेल तर मात्र धूर फार गार करू नये. गंधकाचे आम्ल पत्रा खाते.

लहान युनिटला असे हिशेब परवडत नाहीत, असे म्हटले जाते. परवडत नाही ते हिशेबाशिवाय केलेले काम. चिमणीतल्या धुराचे तापमान, त्यातल्या प्राणवायूचे प्रमाण, भिंतीचे बाहेरचे तापमान आणि भट्टी रोज किती तास चालते, एवढ्या चार नोंदी महिनाभर ठेवल्या तर पैसा इन्सुलेशनवर घालायचा, प्रीहीटरवर घालायचा की फक्त हवेचा डॅम्पर नीट करायचा, हे ठरवता येते. या नोंदी हाती आल्यावरच विटांची ऑर्डर द्यावी.