एडी ग्रँट

एडमंड माँटेग्यू ऊर्फ एडी ग्रँट (जन्म : ५ मार्च, इ.स. १९४८) हे गयानामध्ये जन्मलेले गायक, गीतकार, संगीतकार व ध्वनिमुद्रण-निर्माते आहेत. पॉप, रेगे, सोका आणि रॉक यांचा मिलाफ हे त्यांच्या संगीताचे वैशिष्ट्य होय.

बालपण
ग्रँट यांचा जन्म तत्कालीन ब्रिटिश गयानातील प्लेझन्स या गावी झाला. वडील ट्रंपेटवादक असल्याने संगीताचे संस्कार घरातच झाले. इ.स. १९६० मध्ये ते लंडनला आले. चक बेरी यांचा कार्यक्रम पाहून त्यांनी संगीतक्षेत्रात उतरण्याचे ठरविले.

द ईक्वल्स
इ.स. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या 'द ईक्वल्स' या वाद्यवृंदात ग्रँट प्रमुख गिटारवादक व गीतकार होते. कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय कलावंत एकत्र असलेल्या ब्रिटनमधील सुरुवातीच्या पॉप वाद्यवृंदांत त्याची गणना होते. इ.स. १९६८ मध्ये 'बेबी, कम बॅक' हे गीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. इ.स. १९७१ च्या आरंभी, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, ग्रँट यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांनी वाद्यवृंद सोडला. वाद्यवृंदासाठी त्यांनी लिहिलेले 'पोलीस ऑन माय बॅक' हे गीत पुढे 'द क्लॅश'ने इ.स. १९८० मध्ये नव्याने ध्वनिमुद्रित केले.

एकल कारकीर्द
आजारपणानंतर ग्रँट निर्मितीकडे वळले. लंडनमध्ये त्यांनी स्वतःचा ध्वनिमुद्रण-स्टुडिओ उभारला आणि 'आइस रेकॉर्ड्स' ही संस्था काढली. त्यामुळे गीतलेखनापासून ध्वनिमुद्रणापर्यंतची सूत्रे त्यांच्याच हाती राहिली. अनेक ध्वनिमुद्रणांत बहुतेक वाद्ये त्यांनी स्वतःच वाजविली आहेत. इ.स. १९८२ मध्ये ते बार्बाडोसला स्थायिक झाले व तेथे 'ब्लू वेव्ह' स्टुडिओ सुरू केला. त्याच वर्षी 'आय डोन्ट वॉना डान्स' हे गीत ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर गेले.

'इलेक्ट्रिक ॲव्हेन्यू' हे त्यांचे सर्वाधिक गाजलेले गीत. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात याच नावाचा बाजाररस्ता असून, एकोणिसाव्या शतकात विजेच्या दिव्यांनी उजळल्यामुळे त्याला हे नाव मिळाले. इ.स. १९८१ मध्ये तेथे उसळलेल्या दंगलीची आणि दारिद्र्याची पार्श्वभूमी गीताला आहे. नृत्याचा ठेका धरायला लावणाऱ्या चालीत सामाजिक असंतोष व्यक्त झाला आहे. इ.स. १९८३ मध्ये हे गीत ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले.

वर्णभेदविरोधी गीत
इ.स. १९८८ मधील 'गिम्मी होप जोआना' या गीतातील जोआना ही वरवर पाहता एक स्त्री भासते. प्रत्यक्षात ती जोहान्सबर्ग शहराच्या नावाने उभी केलेली दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवट आहे. त्या देशाच्या शासनाने गीतावर बंदी घातली. ब्रिटनमध्ये मात्र ते पहिल्या दहांत पोहोचले.

उत्तरकाळ
इ.स. १९९० च्या दशकात ग्रँट यांनी 'रिंगबँग' ही तालप्रधान संगीतशैली पुढे आणली. इ.स. २०२० मध्ये 'इलेक्ट्रिक ॲव्हेन्यू'चा विनापरवाना वापर केल्याबद्दल त्यांनी डोनाल्ड ट्रम्प व त्यांच्या प्रचारसमितीविरुद्ध दावा दाखल केला. इ.स. २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने स्वामित्वहक्काचा भंग झाल्याचे मान्य करून ग्रँट यांच्या बाजूने निकाल दिला.