काचो-ए

काचो-ए हा जपानमधील उकियो-ए शैलीच्या काष्ठमुद्राचित्रांचा, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांचा, एक प्रकार होय. जपानी भाषेत ‘का’ म्हणजे फूल, ‘चो’ म्हणजे पक्षी आणि ‘ए’ म्हणजे चित्र. कीटक, मासे व लहान प्राणी यांची चित्रेही याच प्रकारात मोडतात.

उगम व विकास

फुले व पक्षी एकत्र रंगविण्याची परंपरा चीनमधून जपानमध्ये आली. एदो काळात (१६०३–१८६८) मुद्राचित्रांमुळे ती सामान्य नागरिकांपर्यंत पोहोचली. १७६५ च्या सुमारास बहुरंगी छपाई रूढ झाल्यावर पिसांच्या व पाकळ्यांच्या छटा छापणे शक्य झाले. कितागावा उतामारो याचे कीटकांवरील सचित्र काव्यपुस्तक १७८८ मध्ये प्रसिद्ध झाले. १८३० च्या दशकात कात्सुशिका होकुसाई याने फुलांच्या मालिका केल्या; त्यांतील वाऱ्याने वाकलेली अफूची फुले प्रसिद्ध आहेत. उतागावा हिरोशिगे (१७९७–१८५८) याने उभ्या, अरुंद कागदावर चित्र व कविता यांचा मेळ घातला. १८४२ मध्ये शासनाने नट व गणिका यांच्या चित्रांवर बंदी घातली. फुले व पक्षी हे विषय मात्र तीत नव्हते.

संकेत

या चित्रांतील जोड्या बहुधा काव्यपरंपरेने ठरलेल्या असतात. उमे वृक्षाचा बहर आणि उगुइसु हा गाणारा पक्षी वसंताची चाहूल देतात. चंद्र आणि रानहंस शरद ऋतू सुचवितात. पाइन वृक्ष व क्रौंच दीर्घायुष्याचे, तर मंदारिन बदकांची जोडी दांपत्यनिष्ठेचे प्रतीक मानली जाते. त्यामुळे ही चित्रे केवळ निसर्गाची नोंद म्हणून पाहिल्यास त्यांचा निम्मा अर्थ हरवतो.

निर्मिती

चित्रकार, कोरक्या, छपाईकार व प्रकाशक अशा चौघांच्या सहकार्यातून चित्र सिद्ध होई. ठसे चेरीच्या लाकडाचे असत व सामान्यतः प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरला जाई. रंग नेमक्या जागी उमटावेत म्हणून ठशावर कागद टेकविण्याच्या खुणा कोरलेल्या असत. पांढऱ्या पक्ष्याची पिसे दाखविण्यासाठी कधीकधी शाई न लावता कागद ठशावर दाबला जाई. त्यामुळे पिसांच्या रेषा उठावात दिसत. चित्रावर बहुधा चित्रकार व प्रकाशक यांचीच नाममुद्रा असे. कोरक्या व छपाईकार बहुतेक अनामिकच राहिले.

जतन

जुन्या चित्रांतील काही वनस्पतिजन्य रंग, विशेषतः निळा व तांबडा, प्रकाशाने उडतात. म्हणून आज फिकट दिसणारी पाकळी मुळात तशीच होती, असे गृहीत धरता येत नाही. याच कारणाने संग्रहालये ही चित्रे मंद प्रकाशात व मर्यादित काळासाठीच मांडतात.

उत्तरकाळ

विसाव्या शतकात ओहारा कोसोन (१८७७–१९४५) याने शिन-हांगा, म्हणजे ‘नवी मुद्राचित्रे’, या चळवळीत हा प्रकार पुढे नेला. युरोपात व्हिन्सेंट व्हॅन गॉखच्या बदामाच्या बहराच्या चित्रावर (१८९०) जपानी मुद्राचित्रांचा प्रभाव दिसतो.