नाताळानंतरचे बारा दिवस

काल, 26 तारखेला सकाळी, आम्ही गोंदिया स्टेशनवर होतो. पुतण्या पुण्याला नोकरीला असतो, महाराष्ट्र एक्स्प्रेसने परत निघाला, त्याला सोडायला. फलाटावर मंडळीतली आणखी तीन-चार घरं भेटली. सगळ्यांच्या हातात तेच डबे, करंज्या-चकल्यांचे. गाडी गेली. घरी आलो तर दारात चांदणी लटकत होती, तिचा दिवा रात्रीपासून चालूच राहिलेला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ती काढून ठेवा बरं. घर आणखीच रिकामं वाटते." दादा गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिला नाताळ.

आज बोलायचं होतं वेगळ्याच विषयावर. पण हे मनात राहिलं, म्हणून यावरच बोलू. नाताळ झाला, पाहुणे गेले, उपासनेतली गर्दी ओसरली. आता या दिवसांचं करायचं काय? शांतता म्हणतात ती हीच का? की ही नुसती पोकळी?

आधी एक गैरसमज दूर करू. बाजाराच्या हिशेबात नाताळ 25 तारखेला संपतो. चर्चच्या जुन्या पंचांगात तो त्या दिवशी सुरू होतो. 25 डिसेंबर ते 5 जानेवारी असे बारा दिवस सणाचे, आणि 6 तारखेला प्रकटीकरणाचा सण, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळाच्या दर्शनाला आले त्याची आठवण. आर्मेनियन चर्च तर आजही ख्रिस्तजन्म 6 जानेवारीलाच साजरा करतं. आपल्यापैकी बऱ्याच मंडळ्या हे दिवस पाळत नाहीत. 31 तारखेची रात्रीची उपासना झाली की झालं. त्यामुळे या दिवसांना नावच उरलं नाही, आणि ज्याला नाव नाही ते रिकामं वाटतं.

आता या दिवसांत पूर्वजांनी काय ठेवलं ते बघा. 26 ला स्तेफनाची आठवण. त्याला दगडमार करून ठार केलं. 28 ला बेथलेहेमच्या त्या लहान मुलांची, जी हेरोदाच्या हुकमाने मारली गेली. त्याच वेळी योसेफ मरीयेला आणि बाळाला घेऊन रातोरात मिसर देशाकडे निघाला. म्हणजे देवदूतांचं गाणं संपलं आणि लगेच रक्त, रडणं, पळापळ. पंचांग करणाऱ्यांना हे दिवस गोडगोड करता आले असते. त्यांनी केले नाहीत. ज्या घरात यंदा कुणी गेलं आहे, त्या घराला या दिवसांत परकं वाटू नये, एवढी जागा त्यात ठेवलेली आहे. आम्हाला तरी हे फार मोलाचं वाटतं. दुःख बाजूला ठेवून हसतमुख बसा, असं हे दिवस सांगत नाहीत.

मग शांती येते कुठून? यासाठी आपल्याच भागातलं एक उदाहरण घेऊ.

नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी रेल्वे गोंदियावरूनच जाते. 1893 च्या सुमारास नारायण वामन टिळक या मार्गाने राजनांदगावला निघाले होते, संस्थानात नोकरी मिळाली म्हणून. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांना आदराने जागा करून दिली, कवितेवर गप्पा मारल्या आणि उतरताना नव्या कराराची एक प्रत हातात दिली. त्या माणसाचं नाव टिळकांना कधीच कळलं नाही. प्रवास काही तासांचा. पण खरी गोष्ट नंतर घडली. टिळक घरी बसून ते पुस्तक वाचू लागले, मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले, आणि तिथे अडकले. पुढे पुष्कळ विचार, पत्रव्यवहार, तळमळ, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा. लक्ष्मीबाईंना त्यानंतरची काही वर्षं नवऱ्यापासून वेगळी काढावी लागली. ती त्यांनी कशी काढली हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना माहीत आहे. ते काही सोपं नव्हतं.

सांगायचं हे की देणगी एका दिवसात मिळते, ती मुरायला दिवस लागतात. मेंढपाळ गोठ्यात आले आणि परत आपल्या कळपाकडे गेले. मरीया मात्र ऐकलेलं सगळं मनात धरून त्यावर विचार करत राहिली, असं लूक सांगतो. नाताळानंतरचे दिवस हे मरीयेचे दिवस आहेत.

इथे शेतकरी ऐकणारे आहेत, त्यांना हे लवकर कळेल. आपण धान कापायच्या आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात लाखोरी फेकतो. नांगरणी नाही, पाणी नाही. धान निघून गेल्यावर त्या उरलेल्या ओलीवर ती वाढते. आत्ता डिसेंबर-अखेरीस बाहेर पडून बघा, कापलेल्या धसकटांमध्ये हिरवं दिसेल. पण बी ओल असताना पडलं पाहिजे. जमीन वाळल्यावर फेकून उपयोग नाही. सणाची ओल आत्ता आहे, फेब्रुवारीत नसेल.

काही जण म्हणतील, गावात शांतता आहे कुठे? झाडीपट्टीत हे नाटकांचे दिवस, रात्रभर लाउडस्पीकर. असू द्या. आवाज बंद झाल्याशिवाय मन थाऱ्यावर येणार नाही असं धरलं, तर गोंदियात उन्हाळ्यापर्यंत वाट बघावी लागेल.

करायचं काय, तर थोडंच. लूकच्या शुभवर्तमानात 24 अध्याय आहेत. 26 डिसेंबर ते 6 जानेवारी हेही बारा दिवस होतात. रोज दोन अध्याय. साडेपाचला सूर्य बुडतो, थंडी पडते, कुणी बाहेर जात नाही, तेव्हा वाचायला बसा. मोठ्याने वाचा, एकटे असाल तरी. आणि या बारा दिवसांत एकदा तरी अशा घरी जा, जिथे यंदा खुर्ची रिकामी झाली आहे. उपदेश नको. जाताना फराळही नको, तो त्यांच्याकडे उरलेलाच असतो. नुसतं बसा, आणि जो गेला त्याचं नाव घ्या. लोक नाव घ्यायला घाबरतात, आणि घरच्यांना तर तेच ऐकायचं असतं.

काल संध्याकाळी आमच्याकडे पहिले दोन अध्याय झाले. वहिनींनी वाचलं. शिमोन म्हातारा बाळाला हातात घेतो तिथे त्यांना रडू आलं, मग थांबलो, चहा केला, दादांच्या गोष्टी निघाल्या, आणि उरलेला भाग नऊच्या पुढे पूर्ण झाला. चांदणी 6 तारखेपर्यंत राहू द्यायचं ठरलं आहे. आज तिसरा आणि चौथा.